खाणीखालची चीर

प्रिय ताई,

आठ वर्षांनी तुला लिहितेय आणि अक्षर बघ, कसं नाचतंय. आज सकाळी अकरा वाजता एक निकाल हाती आला, तेव्हापासून माझे पाय जमिनीवर नाहीत. जेवले नाही, चहा दोनदा गार झाला.

तुला माहीत नसेल, मी हल्ली पालिकेच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे. गेल्या महिन्यात खाणीभोवतीच्या बोअरचं पाणी तपासायचं काम माझ्याकडे आलं. तीच आपली दगडाची खाण. तू इथे होतीस तेव्हा तिच्यात कचऱ्याच्या गाड्या नुकत्याच रिकाम्या व्हायला लागल्या होत्या. आता खड्डा भरून वर टेकाड झालंय. पाऊस पडला की त्यातून काळपट पाणी पाझरतं आणि तळातल्या दगडात मुरतं. मी चौदा बोअरचं पाणी बाटल्यांत भरून आणलं. पाच खराब निघाली. अमोनिया, क्षार, एकात तर शिसंसुद्धा. पण गंमत अशी की खाणीला अगदी खेटून असलेली तीन बोअर स्वच्छ, आणि मैलभर लांबचं आपलं खराब. आमचे साहेब म्हणाले, कचऱ्याचा दोष असता तर जवळची आधी बिघडली असती, फाइल बंद करा. माणूस वाईट नाही ग, पण पुराव्याशिवाय हलत नाही. मग मी नकाशावर खराब बोअरना लाल ठिपके दिले आणि तो घरी आणला.

आपलं बोअर खराब. हे वाक्य लिहिताना मला तो दिवस आठवतो, तुलाही आठवत असणार. चहावर तवंग येतो, बाळाच्या अंगावरचं पुरळ जात नाही, डॉक्टर पाणी बदला म्हणतात, असं तू सांगत होतीस. बाबांनी आयुष्यभर लोकांची बोअर मारली, पण हे स्वतःच्या अंगणातलं पहिलं. ते एकच वाक्य बोलले, की माझ्या पाण्याला नावं ठेवणाऱ्यांनी दुसरं घर बघावं. आणि मी काय केलं? पेला भरला, तुझ्यासमोर गटागटा प्यायले आणि हसले. बाबांपेक्षा तेच तुला जास्त लागलं असेल. दुसऱ्या दिवशी तू बाळाला खांद्यावर टाकून भावजींबरोबर निघालीस, ती आजतागायत.

तर पुढचं ऐक. मागच्या रविवारी दुपारी मी खाटेवर नकाशा पसरून बसले होते. बाबांनी विचारलं, हे लाल ठिपके कसले? मी खरं ते सांगून टाकलं, आपल्या अंगणातल्या ठिपक्यासकट. वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. तर ते उठले, माळ्यावर चढले (हो, या वयात!) आणि त्यांची जुनी वही घेऊन उतरले. कुठल्या बोअरला किती फूट मुरूम, किती फूट काळा दगड, कुठे चीर लागून पाणी आलं, सगळं त्यांच्या त्या मुंगीसारख्या अक्षरात. एकेका ठिपक्यावर बोट ठेवून ते पानं उलटत गेले. पाचही लाल ठिपक्यांचं पाणी एकाच खोल चिरेतून येतं, आणि ती चीर खाणीच्या तळात उघडी पडलेली त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. खेटून असलेल्या तिघांचं पाणी मात्र दुसऱ्या, वरच्या थरातलं, खाणीच्या उलट अंगानं येणारं. मग ते हळूच म्हणाले, “पाणी अंतर मोजत नाही, वाट शोधतं.”

ताई, नुसत्या वहीवर साहेब मानणार नव्हते. त्या चौदांखेरीज आणखी दोन बोअर तपासायची राहिली होती. बाबांनी चिठ्ठीवर लिहून दिलं: इस्त्रीवाल्यांचं खराब निघेल, शाळेमागचं चांगलं. मी ती चिठ्ठी पाकिटात बंद करून साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि मग नमुने आणायला गेले. आज निकाल आला. तंतोतंत तसाच! साहेबांनी दोन्ही कागद दोनदा वाचले, चष्मा काढून पुसला आणि स्वतःच फोन उचलला. उद्यापासून सहाही बोअर बंद, टँकर सुरू, आणि सुनावणी होईपर्यंत खाणीत एकही गाडी रिकामी होणार नाही. जुनी फाइल काढली तर त्यात पहिलाच कागद तुझा, आठ वर्षांपूर्वीचा तक्रारअर्ज. खाली फक्त तुझी एकटीची सही. साहेबांनी विचारलं, ही बाई कोण? मी म्हटलं, माझी मोठी बहीण. ते सांगताना मान ताठ होती आणि डोळे भरून आले होते. तू खरी होतीस. मी चुकले, ताई.

घरी येऊन सांगितलं, तेव्हा बाबांनी पाना घेऊन मोटारीच्या वायरी स्वतःच सोडवल्या आणि बोअरच्या तोंडावर झाकण घट्ट आवळलं. हात पुसून माझ्यासमोर बसले. म्हणाले, “मला तिच्यापुढे बोलता यायचं नाही. तू लिहून दे, मी नेऊन देतो.” म्हणून हे पत्र. येत्या गुरुवारी सुनावणी आहे, पहिली तक्रारदार म्हणून तुला बोलावलंय, ते आहेच. पण त्यासाठी नुसता फोन पुरला असता. हा कागद तुझ्या हातात देऊन ते अजून दारातच उभे असतील, चपला न काढता, तू ‘आत या’ म्हणतेस का याची वाट बघत. बाकीचं मग बोलू. आधी त्यांना आत घे.

तुझीच,
ठमी