बाबांची कोरी कादंबरी

प्रिय आई,

तुम्हा दोघांना नमस्कार. माझा खोकला गेला, काळजी नको. बाबांचे डोळे कसे आहेत? पत्र तूच वाचून दाखवणार, म्हणून आधी त्यांच्यासाठी लिहिते. बाबा, तुमची कादंबरी इथल्या कॉलेजच्या लायब्ररीत सापडली! चाळीस वर्षं झाली, तरी प्रत अगदी कोरी करकरीत आहे.

आई, आता पुढचं मनातच वाच.

प्रबंधासाठी मी कॅटलॉग, जुने अंक, परीक्षणं, सगळं पालथं घातलं. बाबांच्या नावाचा कुठे मागमूस नाही. शेवटी ग्रंथपालबाईंनी तळघरातून ही प्रत शोधून दिली. छापखान्यातून आली तेव्हा पानं कडेला न कापता जोडलेली होती, ती अजून तशीच होती. म्हणजे चाळीस वर्षांत कोणी वाचलीच नाही गं.

मी पट्टीने एकेक पान सोडवत वाचत बसले. रडू आवरेना, तेव्हा बाईंनी विचारलं, "एवढी वाईट आहे का?"

चांगली आहे, आई. फार चांगली आहे. आणि हे मला आत्ता कळतंय.

आपल्या कपाटातली प्रत जरा काढून बघशील? तिची पानं तरी आपण कोणी सोडवली होती का?

तुझी,
धाकटी