डावीकडचे नट

८ फेब्रुवारी, रविवार
झालं एकदाचं! बाबांच्या पिकअपचा पुढचा भाग अख्खा खोलला नि परत बसवला — स्प्रिंगचे पाटे, बुश, शॉकअप, सगळं नवं. माझ्याहून वयाने मोठी गाडी! कृणाल दारातून ओरडत होता, "ताई, गॅरेजवाल्याला दे ना, कशाला पंगा घेतेस?" म्हटलं, भावा, बघच तू. उद्या बाबा तिच्यातून मासळी बाजारात नेणार.

९ फेब्रुवारी
बाजाराच्या वळणावर गाडी डावीकडे गेली. सरळ मासेवाल्या कृष्णाबाईच्या पाटीवर. तिचा पाय मोडला.

मला लगेच आठवलं. गाडी जॅकवरून उतरवल्यावर पाटे धरून ठेवणाऱ्या यू-बोल्टचे नट पुन्हा आवळायचे असतात, नाहीतर पाट्यावरून अॅक्सल सरकतो. उजवीकडचे आवळले. मग आईने चहाला हाक मारली नि मी उठले.

बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, "माझीच चूक. ब्रेकवरून पाय सटकला."
मी बाजूलाच उभी होते.

११ फेब्रुवारी
हॉस्पिटलात पेज घेऊन गेले. कृष्णाबाई म्हणाली, "तुझ्या बापाला सांग गं, लहूला, गाडी चालवणं आता पुरे. वय झालं त्याचं."
मी मान हलवली. मान हलवली मी! वर तिने माझ्या गालावरून हात फिरवला.

१२ फेब्रुवारी
कृणालने बाबांकडून चावी काढून घेतली. त्यांनी मुकाट्याने दिली.

१४ फेब्रुवारी
मासळी आता टेम्पोवाला नेतो. बाबा ओट्यावर बसून असतात. जेवताना म्हणाले, "तू काम झकास केलेलंस हां."
मला वाचवतायत. आणि मी वाचवू देतेय.

१५ फेब्रुवारी, रविवार
बाजारामागे गाडी ताडपत्रीखाली उभी आहे. इतके दिवस तिकडे फिरकले नव्हते. आज पाना घेऊन गेले — आधी बघायचं, मग कृष्णाबाईला खरं सांगायचं. खाली आडवी झाले, डावीकडच्या नटाला पाना लावला.
हलेना. दुसराही नाही. सगळे घट्ट!

१६ फेब्रुवारी
बाबांना विचारलं. "ते मीच आवळले, निघायच्या आधी. तू विसरलेलीस." मग म्हणाले, "डाव्या डोळ्यानं दिसत नाय मला पोरी. दिवाळीपासून."
ऐकलं, आणि आधी मला हायसं वाटलं.