पायली, कुडो आणि ओसरीलगतची खोली

सगळ्यात आधी आली शामकला, माझी नणंद. चप्पल काढायच्या आधीच सांगून मोकळी, "वहिनी, इंद्रकुमार गोंदियाहून येऊन राहिला. संग चेतना आहे, आन् एक माणूस मोजायची फीत घेऊन आहे." माझा मोठा लेक सुनेला घेऊन आईला भेटायला येतो, आणि संगती फीत! त्या दिवशी जे झालं त्यामुळेच हे मृत्युपत्र लिहायला बसले. सुरुवात कशी करायची ते तिरोड्याच्या अर्जनवीसाने सांगितलं, ती अशी:

मी, धुरपताबाई चुन्नीलाल रहांगडाले, वय बहात्तर, शिक्षण दुसरी, राहणार मौजा पिपरटोला, तालुका तिरोडा, जिल्हा गोंदिया, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. मला कुणी धाक घातला नाही, कुणी भुलवलं नाही, आणि जो राग आला आहे तो माझा स्वतःचा आहे. अर्जनवीस म्हणाला राग लिहू नका. लिहिला.

कलम पहिले, घर. घर माझ्या नावावर आहे, मालकाने जिवंतपणी करून दिलं. मागचं सारं, गुरांचा कोठा आणि परसबाग धरून, धाकटा लेक खुशाल याला. तो माझ्याजवळ राहतो, धान पिकवतो. भावासमोर मात्र त्याच्या तोंडून शब्द निघत नाही, त्या दिवशीही निघाला नाही. खुशाल, हे तुला वाचून दाखवतील तेव्हा मान खाली घालशील, ठाऊक आहे मला.

कलम दुसरे, रस्त्याकडची खोली. ही ओसरीलगतची खोली खुशालची मुलगी ओमेश्वरी हिला, एकटीला. ती तिथे गावातल्या पोरांना इंग्रजी शिकवते. मी दारात बसून लाखोळीची डाळ निवडते आणि ऐकते, मला लई मजा येते. तिने माझी धान मोजायची दोन्ही मापं घेतली, पायली आणि कुडो, आणि एक बांबूची टोपली. तिन्हींत चिठ्ठ्या. पायलीत कॅन, मे, शुड, मस्ट. म्हणजे जमते, चालते, करावं, केलंच पाहिजे. कुडोत कामाचे शब्द, गो, सिट, स्लीप, ड्रिंक. टोपलीत ठिकाणं, अंडर द ट्री, ऑन द फ्लोअर. पोराने तिन्हींतून एकेक काढायची, वाक्य म्हणायचं आणि तसं करून दाखवायचं. नुसता मस्ट घेऊन कुणी काय करणार? काम लागते, जागा लागते. आपण जमिनीवर म्हणतो तेव्हा 'वर' मागून येतो, त्यांचा ऑन आधी. आणि मस्ट अन् सिट यांच्यामध्ये टू घातला की ओमेश्वरी पुन्हा म्हणायला लावते. मध्ये काही नाही, सिटला शेपूट नाही. तो असो, ती असो, सरपंच असो, सिट तो सिटच. हे मला फार आवडलं. आमच्या वेळी बाईच्या हाती पायलीतून मस्ट यायचा आणि टोपलीतून चूल. कॅनची चिठ्ठी मी म्हातारी झाल्यावर पाहिली.

तर इंद्रकुमार आला, पाणीही नाही प्याला, म्हणतो, "माय, खताच्या दुकानाले रस्त्यावरची खोली पायजे. पोरगी आज ना उद्या सासरी जाईन. मंग काय उंदरायले शिकवशीन?"

मी म्हटलं, "आन् खताच्या थैल्या काय परीक्षेले बसणार हायेत का रे?"

फीतवाला भिंतीला फीत लावून राहिला, पोरं पाय आखडून बसली. तेवढ्यात चेतना चहा ठेवायला आत गेली. क्लास सुरू व्हायचा होता, मापं अजून आतच होती. आमच्यात माप रिकामं ठेवतात नाही तर धान ठेवतात, कागद कुणी ठेवत नाही. तिने पायलीत कागद पाहिले, कपाळाला हात लावला, आणि पायली, कुडो, टोपली, तिन्हींतल्या चिठ्ठ्या चुलीत टाकल्या. वरून मापं धानाने भरून आणून ठेवली आणि म्हणते, "माय, मापात कागद ठेवता का वो? लक्ष्मी निघून जाईन ना!" रीत तिची खरी आहे, मीही तीच पाळली. पण टोपली कुठलं माप झालं? आणि विचारायला काय जीभ झिजत होती? ओमेश्वरीने रात्री जागून लिहिलेल्या चिठ्ठ्या, त्यांच्यावर चहा उकळला! पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. इंद्रकुमार म्हणाला, "चला, बरं झालं, क्लासही संपला." त्या बोलण्याने माझ्या अंगाची आग झाली.

तेवढ्यात शेजारची रविता उठली, चौथीतली. "ताई, चिठ्ठ्या जळल्या त काय झालं?" असं म्हणून तिने हात रिकाम्या हवेत तीनदा बुडवला आणि इंद्रकुमारकडे बोट केलं, "यू मस्ट सिट ऑन द फ्लोअर!" आवाज असा की आधी फीतवाला बसला. मग इंद्रकुमार, गोंदियात खुर्चीशिवाय न टेकणारा, तोही बसला बापा. मग एक पोरगा ओरडला, "चेतना काकू मे ड्रिंक टी अंडर द ट्री!" बाहेर पाऊस पडत होता. मी इतकी हसले की लाखोळी सांडली.

म्हणून लिहिते. ओमेश्वरीचं लग्न झालं तरी खोली तिचीच. सासरचे 'शिकवलं तरी चालते' म्हणून उपकार करतील, तर त्यांचा मे त्यांच्याजवळ. ती गावात नसेल त्या दिवसांत रविताने मोठी होऊन शिकवावं. हा शुड आहे, जबरदस्ती नाही. खोलीत खताची एकही थैली ठेवायची नाही, एका रात्रीसाठीही नाही. हा मस्ट आहे, आणि त्याच्यामध्ये कुणी काही घालायचं नाही.

कलम तिसरे, इंद्रकुमार. तो माझ्या पोटचा आहे, उपाशी ठेवत नाही. तलावाखालची धानाची बांधी त्याला. खोलीत तो येऊ शकतो, बसू शकतो, शिकूही शकतो. जमिनीवर.

चेतनाला चहाची पितळी किटली. का, ते तिला कळेल. शामकलाला माझा अडकित्ता आणि पानपुडा. तोंड चालतच राहते, त्यात पान तरी असू दे. बँकेत जे असेल त्यातून तेरवी साधी करा, बाकीच्याचा खोलीसाठी मोठा फळा आणा. पायली, कुडो आणि टोपली ओमेश्वरीला. माझ्या घरात मापात कागद चालतो, हे मालकीण म्हणून लिहून देते.

हे वाचून, समजून सही करते आहे. अंगठा नाही, सही.

धुरपताबाई चुन्नीलाल रहांगडाले

साक्षीदार, ज्यांना यात चहाशिवाय काही दिलेलं नाही:
१. धनलाल पटले
२. चंद्रकुमार बिसेन

मुक्काम पिपरटोला, दिनांक १२ ऑगस्ट २०२५

ता. क. इंद्रकुमार आणि चेतना वकील घेऊन पुन्हा येतो म्हणाले आहेत, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी मारबत. सकाळीच गावातली पोरं ओरडत ओरडत खोकला, डास, रोगराई सारं शिवेबाहेर हाकलत नेतात, आणि यंदा पुढे रविता आहे. त्यांनी जरा उशिरा यावं.