बाहुलीचे नवे जोडे

ता. ४, शुक्रवार

बाहुलीचं काम आमच्याच मुलीला मिळालं. खेळण्यांचं दुकान, धनी कुलूप लावून गेला की आतल्या बाहुल्या जिवंत होऊन नाचतात — असा तो बॅले. जिवंत होईपर्यंत पापणीही हलवायची नाही. तेव्हापासून ही जेवायच्या टेबलाशी तश्शीच बसते. वाढू का, विचारलं तर उत्तर नाही. सराव म्हणे! सराव की अबोला?

ता. ६

तिच्या खोलीतून धाडधाड आवाज. पाहते तर नवे कोरे जोडे दाराच्या फटीत धरून दार आपटतेय! वर तळ ब्लेडने खरवडलेले. बोटांच्या टोकावर उभं राहायचं तर जोडे आधी असेच वाकवावे लागतात, म्हणाली. आपल्या घरात जोडा तुटेपर्यंत वापरतात. ही वापरण्याआधी तोडते.

ता. ७

हे आणि ती स्वयंपाकघरात कुजबुजत होते. मी गेले तशी ह्यांनी उगाच नळ बंद आहे का पाहिलं. बंदच होता. तरी पाणी कुठेतरी मुरतंय.

ता. ९

कळलं — नृत्याच्या बाईंकडून. त्यांना वाटलं, मला ठाऊकच आहे. शनिवारच्या खेळाला मोठ्या नृत्यशाळेची माणसं येणार, एका मुलीला निवडून नेणार. चार वर्षं. दूर, परक्या मुलखात.

ह्यांना विचारलं. म्हणाले, "तुला आधी सांगितलं असतं, तर तू जप धरून बसली असतीस."

देवापुढे बसले. मागणं काही जुळेना.

ता. १२, शनिवार

मुलगी सकाळी तालमीला गेली. खेळात घालायचे जोडे घरीच. घामाचा वास, डाग. साबण लावून खसाखसा घासले, उन्हात टाकले. एवढ्या लोकांपुढे मळके कशाला? दुपारी वाळले, मीच पिशवीत भरून नेऊन दिले.

ता. १३

काल काय बसली होती दुकानाच्या काचेत! श्वास घेते असंही कुणी म्हणालं नसतं. मग जिवंत झाली, बोटांवर उठली — आणि पाय मुडपला. पुन्हा उठली, पुन्हा तेच. शेवटी सपाट पावलांनी नाच पुरा केला.

निवड दुसरीची झाली.

पाण्याने आतला गोंद सुटला, टोकं मऊ पडली, बाई म्हणाल्या. माझ्याकडे रोखून बघत होत्या. मुलगीच मध्ये पडली. "बाई, आईला काय ठाऊक? ती घरात दिसेल ते धुते."

घरी येऊन माझ्याशेजारी बसून जेवली. ह्यांनी ताटावरून मान वर केली नाही. ह्यांना कसला संशय?

ता. १४

जोडे घेताना दुकानदाराने बजावलं होतं — जोड्यांना पाणी लागू देऊ नका. मुलगी तेव्हा लांब, आरशापुढे होती.

मी मान डोलावली होती.