रात्रीचे दहा तास

२ जानेवारी, शुक्रवार
पुन्हा गणित केलं. पुन्हा बसलं नाही.
यांचं ऑक्सिजनचं मशीन साडेतीनशे वॉटचं. रात्री नऊ ते सकाळी सात, दहा तास. इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारं धरलं तर रात्रीला चार युनिट. गाडीत दोन लिथियम बॅटऱ्या बसतात, त्यात जेमतेम तेवढंच मावतं. पण टपावरच्या दोन सोलर पॅनेलमधून थंडीतल्या चांगल्या उन्हात दिवसाला साडेतीन, फार तर पावणेचार. गाडी चालताना डायनॅमो भर घालेल, पण त्यावर मी विसंबत नाही. म्हणजे दुसऱ्याच रात्री, पहाटे मशीन बंद पडणार.
आणि हे म्हणतात, अहेरीला जाऊ! एसटीत ड्रायव्हर म्हणून पहिली नेमणूक तिथली. एकदा तो डेपो बघायचाय. वाटेत तीन मुक्काम. शाळेची जुनी ट्रॅव्हलर मिनीबस घेऊन ठेवलीच आहे. चालवणार मी.

५ जानेवारी, सोमवार
चिकलठाण्याला नवाबभाईंच्या शेडवर गेले होते. गाडीतलं सगळं काम त्यांच्याकडे आहे. पलंग, ओटा झाला. चांगलं केलंय.
"मॅडम, पंखा, लाइट, मोबाइल – एक बॅटरीत आरामात. ये मशीन लई खाती," म्हणाले. "रात में कहीं प्लग भेटला तर टेन्शनच नाय."
मी सांगितलं, प्लग नाही. कुणाच्या दारात वायर टाकणार नाही. वाटेत यांचे एसटीतले दोस्त आहेत गावोगाव, पण नळी लावून झोपलेलं त्यांनी बघायला यायचं, हळहळायचं – नको.
"राजकुमार सर काय म्हनतात?"
"सरांना काय विचारायचं? गणित मी करतेय."
नवाबभाई हसले नाहीत. टेप घेऊन टपावर चढले.

८ जानेवारी, गुरुवार
गाडी काल दारात आली. खिडकीतून वायर घेऊन मशीन रात्रभर गाडीच्या बॅटरीवर चालवलं. मीटरवर बरोबर चार युनिट. माझं गणित चुकलं असतं तर बरं झालं असतं.
मशीनचा फिल्टर धुतला. त्याच्या तासांचा आकडा सवयीनं कॅलेंडरवर लिहिला: ४२१२.
चहा पिताना यांना स्पष्ट सांगितलं. ऊन कमी पडलं तरी पुरावं, म्हणून रात्रीचा खर्च सव्वातीन युनिटच्या आसपास आला तर जायचं. नाही तर गाडी विकायची. रस्त्यात कुठंतरी पहाटे श्वासासाठी धडपडणारा माणूस मला बघवणार नाही.
"परीक्षा घ्या मास्तरीणबाई," म्हणाले. "आपण पास होणार."

९ जानेवारी, शुक्रवार
३.३. वायर आखूड केली, त्याचा फरक पडला असेल.

१० जानेवारी, शनिवार
३.१! हे खूश. नकाशा काढून बसले. मेहकर, यवतमाळ, चंद्रपूर – कुठं वळण, कुठं घाट, सगळं तोंडपाठ. डोकं जड आहे म्हणाले. थंडीनं असेल. वाफ घ्यायला लावली.
मला मात्र चैन नाही. आखूड वायरनं एवढा फरक पडत नाही. नागसेनवनातल्या कॉलेजात बी.एस्सी. केली, बत्तीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. मशीन आपणहून काटकसर करत नाही.

११ जानेवारी, रविवार
३.२. आजही यांचं डोकं जड.
हे आंघोळीला गेल्यावर मशीन वळवून मागचा आकडा वाचला. ४२३६. तीन रात्री, म्हणजे तीस तास व्हायला हवे होते. झाले चोवीस.
घरघर सहन होत नाही म्हणून मी बाहेरच्या खोलीत झोपते. रोज पहाटे दोन तास यांनी मशीन बंद ठेवलं आणि मला कळलं नाही.
टॉवेल घेऊन बाहेर आले. मी कॅलेंडर पुढं धरलं.
"बंद केल्यावर ऑक्सिजन किती होता?"
"कशाला बघायचं?"
"किती होता?"
"एकदा बघितलं. ब्याऐंशी." मग खुर्चीत बसले. "सव्वातीन तूच म्हणालीस ना. मी दुसरं काय कमी करणार? पंखा तर लावतच नाही."
मी खूप बोलले. लाज वाटत नाही का, इथपर्यंत बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "गाडी विकू नको." बस, एवढंच.
दिवसभर दोघं जेवलो नाही. त्यांनी चोरी केली ती मी आखून दिलेल्या आकड्यासाठी. लिहून ठेवते, म्हणजे उद्या मला नाकारता येणार नाही.

१२ जानेवारी, सोमवार
सकाळी डॉक्टरांकडे नेलं. दोन तास काय, रात्री पाच मिनिटंसुद्धा बंद करायचं नाही, म्हणून दटावलं. हे मान खाली घालून होते.
दुपारी यांच्या फोनमधून नंबर घेतला आणि मेहकरला बद्रीनाथ भाऊजींना लावला – यांच्या गाडीवर अकरा वर्षं कंडक्टर होते. शब्द जुळवून ठेवले होते. म्हटलं, रात्रभर एक प्लग लागेल, गाडी अंगणात लावू द्याल का? लाइट गेली तर आमच्या बॅटऱ्या आहेत.
भाऊजी म्हणाले, "वहिनी, राजकुमार दिवाळीतच बोलला व्हता. म्हनला, ती विचारायची नाय, पन तू अंगणात प्लगचा बोर्ड बसवून ठेव. तुळशीजवळ बसवलाय. कधी येता?"