चौऱ्याण्णव टक्क्यांवर

चि. खारूताईस,

मामाचे अनेक आशीर्वाद. तुझी पाठदुखी आणि तुझं ऑफिस यांत सध्या कोण कोणावर कुरघोडी करतंय ते कळव. माझा गुडघा मजेत आहे, बाकीचा मी त्याच्यामागून लंगडत येतो.

पत्रास कारण, हेडमास्तरांच्या निरोप समारंभाची फिल्म. एडिटिंग झालं (भाषणं कापली, त्यांचं स्वतःचं तेवढं ठेवलं, तेही अर्धं) आणि एक्सपोर्टचं बटण दाबलं. हे बटण तुला मीच शिकवलं होतं, आता तेच मला ओळख दाखवत नाही. स्वारी चौऱ्याण्णव टक्क्यांपर्यंत ऐटीत जाते आणि तिथे ठिय्या मांडते. फाइलचं नाव बदललं, पंख्यातली धूळ काढली, इफेक्ट उडवले. शेवटी फिल्मचे दोन तुकडे केले, तर दोन्ही निमूट बाहेर आले! एकत्र म्हटलं की अडतात. (तुझ्या दोन्ही काकांसारखे.) डिस्कवर जागा आहे का, असं तू विचारशीलच. आहे, ढीगभर.

कंपनीला फोन लावला. टेपवरची बाई म्हणाली, तुमचा कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे. तुझी मामी गेल्यापासून असं मला कोणी म्हटलं नव्हतं, म्हणून पाऊण तास ऐकत बसलो. मग खराखुरा माणूस आला, तर मीच गडबडून फोन ठेवला.

मागच्या खेपेला तू तिथून माझा कॉम्प्युटर ताब्यात घेतला होतास, आठवतं? मी हात मांडीवर ठेवून बसलो होतो आणि स्क्रीनवरचा बाण आपोआप फिरत होता. घरात कोणीतरी वावरतंय असं वाटलं. (चहासुद्धा दोन कप टाकला.) मध्येच मामीचा फोटो उघडला गेला आणि बाण तिच्या चेहऱ्यापाशी थोडा वेळ थांबला. एरवी हे घर मला खायला उठतं, त्या दिवशी नाही उठलं.

तर सवडीने ये. बाणाच्या रूपाने आलीस तरी चालेल.

तुझा,
मामा

ता. क. : फिल्म बुधवारीच निघाली. डिस्क गच्च भरली होती. मी शूट केलेली लोकांची जुनी लग्नं दुसरीकडे हलवली आणि गाडी सरळ शंभर टक्क्यांवर. हेडमास्तर घेऊनही गेले.

ता. क. दुसरा : ती सगळी लग्नं मी परत डिस्कवर भरून ठेवली आहेत. रविवारी अकरा वाजता माउसला हात न लावता बसतो.