माहेरचं बाळंतपण

प्रिय बोंडू,

तुझा निरोप ट्रकवाल्याने पोचवला. सातवा लागला, पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे गावी, आजीच्याच हातून व्हायला हवं, म्हणून फ्रीटाउनहून निघायचं म्हणतेस. लगेच मास्तर वांडीला धरून आणलं. युद्धात पळून गिनी देशातल्या निर्वासितांच्या छावणीत गेला, तिथे अक्षरं शिकला, तो तोरा अजून उतरलेला नाही. त्याला दटावलंय, मी बोलेन तसंच लिही, शहाणपणा नको. म्हणतो, आजी, हळू बोल, तुझ्या तोंडाला ब्रेक नाही.

टेनेला मुलगा झाला की मुलगी, असंही विचारलंयस. सांगते. तुमची आई गेल्यापासून तुम्हा दोघी बहिणींना मीच वाढवलं, पण धाकटीसारखी खादाड दुसरी नाही. पोट एवढं पुढे आलेलं, तरी बायकांबरोबर ओढ्यात जाळं घेऊन मासे धरायला उतरायची. कसावाचा पाला रांधला की दोन वाटे घ्यायची. बोंडूचा वाटा बाळाला, म्हणायची. मी म्हणायचे, आधी त्याला दात तरी येऊ देत.

दवाखाना लढाईत जळाला, मग परदेशी लोकांनी नवा बांधला, ते तू पाहिलंसच. पाटी झकास आहे. त्यांनी मला सुईणीची पिशवी दिली, कात्री दिली, फोटो काढला. मग दुसरे साहेब आले. म्हणाले, यापुढे घरात बाळंतपण नाही, सगळ्यांनी दवाखान्यात यायचं. गावप्रमुख मोमोहने दवंडी पिटली, घरात मूल जन्मलं तर त्या घराची बकरी दंड. ज्याला मी ओढून जगात आणलं, तो मला नियम सांगतो. भर सभेत म्हटलं, तू पायाळू, डोक्याने आला असतास तर अक्कलही आली असती. सगळे हसले. पण मला नियम पटला होता गं. रक्त थांबवायचं इंजेक्शन माझ्या पिशवीत नव्हतं, दवाखान्यात असतं म्हणाले.

नर्सबाईचा पगार अडकतो. तो मागायला ती जिल्ह्याला जाते, मिळेपर्यंत तिथेच राहते. तिला मी शिव्या देत नाही, तिलाही पोरं आहेत.

टेनेला कळा लागल्या तेव्हा दंडाच्या भीतीने आम्ही तिला दवाखान्यापर्यंत चालवत नेलं. दाराला कुलूप. तिथेच ओसरीवर ती मोकळी झाली. मुलगी होती, रडली नाही. मग रक्त जायला लागलं. पोट चोळलं, मुठीने दाबून धरलं, मला येतं ते सगळं केलं. टेने म्हणाली, आजी, किती गं जोर तुझ्या हातात, म्हातारी म्हणवतेस ना. याच मास्तरने दगड घालून दाराचं कुलूप फोडलं, मग आतल्या कपाटाचं. कपाट रिकामं होतं. धूळसुद्धा पुसलेली होती.

दिवस मावळायच्या आत टेने गेली. मायलेकींना एकाच चटईत गुंडाळलं. सरकारी कुलूप फोडलं म्हणून मोमोहने बकरी नेली. नेताना माझ्याकडे बघवलं नाही त्याला.

बोंडू, तू येऊ नकोस, एवढंच सांगायला मास्तरला बसवून ठेवलंय. लोक म्हणतील, पोरीला माहेर उरलं नाही. म्हणू देत. शहरातल्या दवाखान्यात औषध असेलच, असं मी म्हणत नाही. मास्तर सांगतो, तिथेही नसतं. पण तिथे एक दार बंद निघालं, तर माणूस दुसऱ्या दारापर्यंत जातो. इथे एकच दार आहे, आणि ते आम्ही फोडून पाहिलं.

तुझीच,
जेब्बेआजी